भिंतीतला रहाट

कोणाच्याही घरात शिरले की अंकल आधी भिंतीशी बोलत. दारालगतच्या भिंतीवर मधल्या बोटाचं पेर दोनदा वाजवायचं, कान तिरका करून ऐकायचं, ‘हं’ म्हणायचं आणि मगच घरातल्या माणसांकडे वळायचं. तोवर माणसं ताटकळत उभी. वरच्या मजल्यावर सत्यनारायणाच्या प्रसादाला गेले तेव्हाही हाच क्रम. यजमान प्रसादाचा द्रोण पुढे करून उभे, आणि हे भिंतीला कान लावून.

बसायला स्वतःची खुर्ची आणत. लाकडी, घडीची, एका पायाला तार गुंडाळलेली. कोणाच्या सोफ्यावर ते कधी बसले नाहीत. सोसायटीच्या सभेला सगळे सतरंजीवर आणि हे मागे खुर्चीवर, म्हणजे सभेचे अध्यक्ष तेच आहेत असं नव्या माणसाला वाटावं. खरा सेक्रेटरी मी होतो.

मला त्यांचा हेवा वाटत असे. हे सरळच लिहितो, कारण आडून लिहिलं तरी कळेलच.

आमची इमारत वसईत, सांडोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ती जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, थोडे चिकू, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी पाजण्यासाठी खणलेलं तळं. वसईत ती गावोगाव होती, पुढे बरीचशी भराव टाकून बुजवली गेली. वाडी विकल्यावर त्यांना तळमजल्यावर एक फ्लॅट मिळाला. पण इमारत बांधून होईपर्यंत ते रोज सकाळी ही खुर्ची घेऊन येत आणि दिवस मावळेपर्यंत बांधकाम बघत बसत. कशासाठी, असं विचारलं तर म्हणत, “आपल्या मानसाला मातीत ठेवतात तवा आपन घरी जातो काय? उभं राहावं लागतं.”

तेवढ्या बसण्याच्या जोरावर त्यांचा दावा असा होता, की या इमारतीतल्या प्रत्येक भिंतीच्या पोटात काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. या भिंतीत गवंड्याचा डबा राहिला. त्या भिंतीत एका मजुरिणीची काकणं. जिन्याखाली एक अख्खी सायकल. आणि लोक ऐकत. सगळे त्यांना भिंतीवाले अंकल म्हणत. खिळा ठोकायचा झाला तरी आधी त्यांना बोलावणं जाई.

आता माझी बाजू. मी फोर्टातल्या एका कंपनीत हिशेब तपासायच्या खात्यात होतो. इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत माझ्याकडे होती. पाण्याचे पाइप कुठून जातात, विजेच्या तारा कुठून, कॉलम कुठे, बीम कुठे, हे त्यावर स्पष्ट होतं. माझ्याकडे पोलादी टेप होती, आणि मी ती वापरतही असे. ते मला ‘फूटपट्टीसाहेब’ म्हणत. तोंडावर.

एकदा पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला भिंतीवर कपाट टांगायचं होतं. मी नकाशा घेऊन गेलो, मापं घेतली, ड्रिल कुठे मारायचं तिथे पेन्सिलीने फुली केली. ते मागून आले. भिंत वाजवली. म्हणाले, हितं मारू नका, हितून पानी जातं. मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो पाहिलाही नाही. कपाट त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हातभर डावीकडे गेलं, आणि ड्रिल थेट विजेच्या तारेत गेलं. दोन फ्लॅट अंधारात. मला वाटलं, चला, निकाल लागला. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, “अंकल होते म्हणून वाचलो हो. नाहीतर पाइप फुटून घरभर पाणी झालं असतं.”

माझी फुली पुढचा रंग लागेपर्यंत त्या भिंतीवर होती. तिथे ड्रिल मारलं असतं तर ना पाइप लागला असता ना तार.

हेव्याचं मूळ हेच होतं. ते बरोबर असते तर मी त्यांचा आदर केला असता आणि विषय संपला असता. ते अर्ध्याहून अधिक वेळा चुकत. चूक दिसली की म्हणत, “भिंत सरकली.” लोक हसत आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच बोलावत. मी चुकत नसे, आणि मला कोणी बोलावत नसे.

तळमजल्यावरचे फ्लॅट ते नंबराने ओळखत नसत. ज्या जागी जे होतं ते त्याचं नाव. त्यांचा स्वतःचा फ्लॅट म्हणजे केळी. कोपऱ्यातला म्हणजे चिकू. वरच्या मजल्यांना नावं नव्हती. वर काय, नुसती हवा होती, म्हणत. माझ्या फ्लॅटच्या दारावर पितळी पाटी होती, आडनाव आणि नंबर कोरलेली. तरी माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना ते सांगत, “बावखलात जावा, समोरच.” पाहुणे घाबरत.

आईला मात्र ते नाव आवडलं.

वडील गेल्यावर मी आईला रत्नागिरीकडच्या गावाहून वसईला आणलं. तिकडे ती एकटी, गुडघा धरलेला, आणि दोनदा चक्कर येऊन परसात पडलेली. इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की एकटीला ठेवू नका. मी तिला मागची खोली दिली. खिडकी पूर्वेला, पलंग भिंतीलगत, उंची तिच्या गुडघ्याला मानवेल अशी कापून घेतलेली. आणि ती रमेना. भांडली नाही, रडली नाही. ट्रंक मात्र पलंगाखाली ढकलू देईना. ती दाराशी, कुलूप न लावलेली. माझा मामेभाऊ मे महिन्यात येणार होता. त्याच्याबरोबर परत जाते, एवढंच ती म्हणे. कारण विचारलं तर म्हणे, या भिंती परक्या आहेत बाबा. यावर काय करायचं ते कोणत्याही नकाशात नव्हतं.

अंकल तिला भेटायला आले तेव्हा रिवाजाप्रमाणे आधी भिंत वाजली. मग खुर्ची उघडली. मग म्हणाले, “बाय, तू बावखलात झोपतेस.”

आईच्या माहेरी लहान मुलीला बाय म्हणत. तिला त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. तिने विचारलं, किती खोल होतं? त्यांनी खोली सांगितली. मासे होते का? होते, आणि त्या माशांची नावं. उन्हाळ्यात आटायचं का? मी हॉलमध्ये बसून ऐकत होतो. माझ्याशी ती दिवसभरात जेवण, औषध आणि झोप याबद्दल बोले.

मग ते रोज दुपारी येऊ लागले. कधी वाडीवाल्या भावाकडची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन, कधी रिकाम्या हाताने. रविवारी मी घरी असलो की हॉलमध्ये पेपर वाचत असे, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येई. वडिलांच्या आजारपणापासून मी तो ऐकला नव्हता. माणसाला याचा आनंद व्हायला हवा. मला झाला, पण त्यात एक काटा होता.

तर अशाच एका दुपारी त्यांनी तिला सांगितलं, की बावखलावर त्यांच्या बापाने बसवलेला लाकडी रहाट होता. वाडी मोडली तेव्हा तो मोडला. कंत्राटदाराला खिडकीवर आडवं टाकायला त्या दिवशी काही मिळेना, तेव्हा त्याने रहाटाची फळी उचलून या भिंतीत घातली. “तुज्या उशाच्याच भिंतीत हाय ती. हात लाव.”

आईने हात लावला. त्या रात्री बायको पाणी द्यायला गेली तर आईचा तळवा भिंतीवर होता.

मामेभाऊ आला आणि दोन दिवस राहून एकटाच परत गेला. ट्रंक पलंगाखाली गेली. त्या खोलीसाठी मी काय काय केलं ते मांडत बसत नाही. तिला थांबवलं त्या एका वाक्याने, आणि ते वाक्य खोटं होतं. खिडकीवर सिमेंटची पट्टी होती. नकाशात होती, आणि पडद्याचा दांडा बसवताना मी स्वतः तिच्यात ड्रिल मारलं होतं. भोकातून करडी पूड पडली होती. लाकडाचा भुसा पडला नव्हता.

मी हे आईला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, असू द्या की. त्या राहिल्या ना?” राहिल्या. पण कोणासाठी, असं मला विचारायचं होतं, आणि ते विचारण्यासारखं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर भिंतीने आपला खरा गुण दाखवला. बुजवलेलं पाणी कुठे जात नाही. पलंगाच्या उंचीपर्यंत ओल चढली, रंगाचे पोपडे सुटले. मी बनवून घेतलेलं प्लायवूडचं कपाट त्याच भिंतीला टेकलेलं होतं. त्याची पाठ भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगली आणि थर सुटे झाले. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले. पाणी आत शिरलं की गोंद सुटतो आणि पुन्हा पापुद्रेच उरतात. आईला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, ही खोली कोरडी करा किंवा बदला.

मी चौकशा केल्या. मुंबईतल्या ऑफिसांमध्ये तेव्हा जिप्समच्या बोर्डांच्या भिंती होऊ लागल्या होत्या. दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्सम, बिस्किटासारखं. त्यातही ओल सोसणारा एक प्रकार मिळे. उपाय असा ठरला: जुना गिलावा पूर्ण काढायचा, विटांवर पाणी अडवणारा लेप द्यायचा, मग थोडं अंतर सोडून जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर बोर्ड. मधून हवा खेळायला खाली-वर जाळी. या भिंतीचा एकच दोष. ती पोकळ. नुसत्या बोर्डात खिळा ठोकला तर तो भार घेत नाही, भोक पाडून बाहेर येतो. जिथे काही टांगायचं असेल तिथे बोर्डच्या मागे आधीच प्लायवूडचा तुकडा बसवावा लागतो. भिंत बंद झाली की मग काही करता येत नाही. मी आलेख-कागदावर सगळं काढलं. पंख्याचं बटण, घड्याळ, औषधांचं फडताळ, पडद्याचा दांडा. चार ठिकाणी प्लायवूड, माझ्या हाताने रंगवलेलं.

गिलावा काढायचा म्हणजे भिंत उघडी पडणार, हे मला कागदावर काढतानाच दिसत होतं. तिच्यात लाकूड नाही हे सगळ्यांसमोर दिसणार. मला ते दिसायला हवं होतं. आणि आई जायला नको होती. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

ते काम पुढच्या मेमध्ये निघालं, आणि मामेभाऊ पुन्हा त्याच आठवड्यात यायचा होता.

गवंड्याने सकाळी छिन्नी लावली तेव्हा ते खुर्ची घेऊन हजर. आईला आम्ही खोलीच्या दारात बसवलं होतं, नाकाला पदर. गिलावा ढेकळांनी पडत गेला. खालच्या विटा ओलीने काळ्या, वरच्या कच्च्या भाजलेल्या. खिडकीवर सिमेंटची पट्टी, सरळ, नकाशात होती तशी. तिच्या शेजारच्या फटीत सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबलेला. उशाशी विटा. त्याखाली विटा.

गवंडी थांबला. धूळ बसली. मी बेरीज वाचून दाखवावी तसं म्हणालो, “इथे लाकूड नाही.”

मी वाट बघत होतो की ते म्हणतील, भिंत सरकली. ते भिंतीकडे बघत राहिले. मग आई म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. “पहिल्याच दिवशी वाजवून बघितली मी. आमच्या घरात भिंतीभिंतीत लाकूड. लाकडाचा आवाज मला कळतो. ही नुसती वीट.”

“मग गं?” मी म्हणालो.

“मग काय? माणूस आपल्या वाडीचं सांगत होता. मध्येच कसं तोडू?”

ते उठले. खुर्चीची घडी घातली. जाताना भिंतीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. गवंड्याने लेप दिला, तो वाळला. सांगाडा उभा राहिला. मामेभाऊ आला. आई हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती, आणि एका सकाळी बघतो तर ट्रंक पुन्हा दाराशी. मी म्हणालो, खोली परवा तयार होईल, आता कोरडी राहील, मी सगळं बघून केलंय. ती म्हणाली, “खोली चांगलीच झालीय रे. पण तिथे दुपारभर मी काय करू?”

मी रजा काढतो म्हणालो. तिने माझ्याकडे ज्या मायेने पाहिलं ती मला नको होती. “तू काय बोलशील माझ्याशी?” असं तिने विचारलं. खोचून नाही. खरोखरच विचारलं.

बोर्ड लावायच्या दिवशी सुतार मोजमापं घेत होता, आणि दारात टकटक झाली. दारालगतच्या भिंतीवर. ते उभे होते. एका हातात खुर्ची, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब. आत येऊन त्यांनी ते जमिनीवर सोडलं. फळी होती. काळी पडलेली, एक कड वाळवीने खाल्लेली, आणि मध्यावर दोराने घासून झालेली खोल, गुळगुळीत खाच. ती खाच कोणी मुद्दाम करू म्हटलं तर होणार नाही. त्याला माणसाचं अर्धं आयुष्य पाणी काढावं लागतं. मी वाकून पाहिली. एवढं मला कळतं.

“कुठे होती?” आईने विचारलं.

“माज्या माळ्यावर. वाडी गेली तवापासून. तुला भिंतीत हाय सांगितलं. म्हटलं, माळ्यावर हाय सांगितलं तर तू कशाला हात लावशील?”

ते सुताराकडे वळले आणि म्हणाले, ते प्लायवूड काढ, ही घाल. सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी टेप काढली. फळी माझ्या प्लायवूडपेक्षा इंचभर जाड होती. सांगाड्यात बसत नव्हती, बोर्ड सपाट आला नसता. सुतार म्हणाला, मागून तासून घेतो. ते म्हणाले, फळीला रंधा लावायचा नाही. सुतार म्हणाला, मग अख्खा सांगाडा पुढे घ्यावा लागेल, खोली इंचाने कमी होईल.

यावर ते मला काही म्हणाले नाहीत. विनंतीही केली नाही. आईकडे वळून विचारलं, “बाय, तुजी खुंटी कुठं?”

खुंटी. मी घड्याळ धरलं होतं, फडताळ धरलं होतं, बटण धरलं होतं. आई जपाची पिशवी कुठे टांगते ते धरलं नव्हतं. गावाला तिच्या उशाशी खुंटी होती, आणि माझ्याकडे आल्यापासून ती पिशवी उशीखाली घेऊन झोपत होती. हे मला दिसलं होतं. त्याचा अर्थ खुंटी असा होतो हे सुचलं नव्हतं.

आई उठली, सांगाड्यापाशी गेली आणि दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेत बोट धरलं. “इथे. हात पोचेल अशी.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. खोली माझी होती, इंच माझा होता.

मी सुताराला म्हणालो, पुढे घे.

फळी तिथे बसली. तिच्यावर बोर्ड आला, सांधे भरले, रंग लागला. खुंटी ठोकायला त्यांनी हातोडी स्वतः घेतली. खुंटी आत गेली तेव्हाचा आवाज पोकळ नव्हता. मामेभाऊ दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. दुपारी खुर्ची पुन्हा आली.

त्यांना खोटं पाडायला माझ्या हातात एकच पक्की गोष्ट होती, आणि तीही त्यांनी माझ्याच भिंतीत, माझ्याच संमतीने, खरी करून घेतली. पुढे ते पुष्कळ वर्षं जगले. जिन्याखालची सायकल शेवटपर्यंत निघाली नाही, आणि तिच्याबद्दल कोणी कधी विचारलंही नाही. ते गेले तेव्हा चर्चमध्ये आमची सगळी इमारत होती. सभेला कोरम भरायला मला घरोघर जावं लागे. आई त्यांच्यानंतर दोन पावसाळे होती, त्याच खोलीत, आणि खोली कोरडी.

परवा वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं चहाला आलं होतं. नवऱ्याने आईच्या खोलीतल्या खुंटीवर आता मी टांगतो ती सोसायटीच्या कागदांची जड पिशवी पाहिली आणि विचारलं, काका, बोर्डच्या भिंतीत एवढं वजन कसं राहतं? इतक्या वर्षांत भिंतीबद्दल मला प्रथमच कोणी काही विचारत होतं. मी सगळं सांगितलं. इथे बावखल होतं, त्यावर रहाट होता, त्याची फळी या बोर्डच्या मागे आहे. तिची लांबी, रुंदी, जाडी सांगितली. एक शब्द पदरचा घातला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, “काका, छान रंगवून सांगता हं तुम्ही.”

मी उठून भिंत वाजवून दाखवली. आजूबाजूला पोकळ, फळीवर भरीव. फरक स्पष्ट होता. दोघांनी मान हलवली आणि चहाचे कप उचलले.

ते असते तर त्यांनी नुसत्या विटांच्या भिंतीत अख्खा रहाट फिरवला असता, आणि या दोघांनी पाण्याचा आवाजही ऐकला असता.